मंगळवार-गुरुवारचे साबण

२७ जानेवारी, मंगळवार

पहिला घाणा झाला. खोबरेल ४००, राइस ब्रान ३००, एरंडेल ५०, पाणी २४०, कॉ.सो. ११३. कॉस्टिक सोडा मीच विरघळवला, गॅलरीत, गॉगल आणि हातमोजे घालून. उरलेल्या बरणीचं वजन करून ती कपाटात, कुलपात. नंदाला सोड्याजवळ फिरकू देत नाही. तेलं तापवणं आणि साचे भरणं तिच्याकडे. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली मी. सोड्याने गेलेले हात पाहिलेत.

साचे सुटे, सिलिकॉनचे, एकूण चोवीस. एका साच्यात एक वडी. मोठ्या डब्यात ओतून सुरीने कापलेल्या वड्या मला आवडत नाहीत, सगळ्या वेगवेगळ्या होतात. नंदा म्हणते, "आपण साबण नाय गो करत, इडल्या करतो."

८ मार्चला सोसायटीत महिला दिनाचा स्टॉल आहे. वड्या वाळायला महिना तरी हवा. म्हणजे ८ फेब्रु.च्या आत चार घाणे. होईल.

२९ जानेवारी, गुरुवार

दुसरा घाणा. मिश्रण लवकर घट्ट झालं, पिठल्यासारखं. पटापट भरावं लागलं. नंदाचा हात छान चालतो, एक थेंब बाहेर नाही.

तिला म्हटलं, शनिवारी पण करू, लवकर उरकेल. म्हणाली, "शनवारी नको. मंगळ-गुरुच बरं." का? "असंच." मागच्या वर्षीपासून हेच. मंगळवार आणि गुरुवार, अकरा ते चार. चारच्या ठोक्याला उठणार, अर्धं बोलणं टाकून.

आजच्या बारापैकी सहा भरलेले साचे टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेली. तिच्याकडे म्हणे जागा जास्त. बी विंगला तिसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांचीच जागा, त्यात ती आणि तुषार. माझ्यापेक्षा जास्त जागा कुठून आली?

३ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा घाणा. सहा साचे परत आले नाहीत. "विसरले गो." अठरांत भागवलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चौथा घाणा. साचे अजून नाहीत. विचारलं तर मान खाली घालून तेल ढवळत बसली. तेल ढवळायचं कारण नव्हतं, नुसतं गरम होत होतं.

दुपारी घाटकोपरच्या मीनाबेनचा फोन. कपड्यांचं दुकान आहे तिचं, दिवाळीत आमचे साबण ठेवले होते. म्हणाली, "वो दूसरी बेन सँपल दे गई, अच्छा है, उसको बोलना एप्रिल में और चाहिए." दुसरी बेन म्हणजे नंदा. मला पत्ता नाही. आणि सँपल कसलं, आठ दिवसांची वडी. अजून कच्ची आहे ती, कुणाच्या अंगाला लागली तर खाज सुटेल, नाव माझंही जाईल.

म्हणजे ही घरी वेगळं करतेय. माझे साचे, माझं प्रमाण, आणि गिऱ्हाईक परस्पर.

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "विचार तिला सरळ." सरळ विचारून सरळ उत्तर मिळत असतं तर.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गेटवर तुषार भेटला, नंदाचा मुलगा. एकतीस-बत्तीसचा असेल. पवईला कंपनीत आहे, अर्धा आठवडा घरून काम करतो. हातात भाजीच्या पिशव्या. "काकू, द्या तुमची पण पिशवी." नेहमीच असं. मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा हॉस्पिटलला त्यानेच नेलं.

मला बरी संधी वाटली. हसत हसतच विचारलं, "काय रे, आई घरी पण साबण करते का हल्ली? माझे सहा साचे तुमच्याकडेच आहेत. आणि घाटकोपरपर्यंत माल जातोय म्हणे."

तो म्हणाला, "साबण?" पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हसला. "बघतो काकू. मी बघतो."

म्हटलं, नंदाला आता कळेल की मला कळलंय. तोंडावर न बोलता काम झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नंदा आली नाही. मेसेज: बरं नाही. पहिल्या घाण्याच्या वड्या उलटवून ठेवल्या. दोन वड्यांवर पांढरी भुकटी धरलीय, ती खरवडून जाईल.

साच्यांबद्दल एक अक्षर नाही. चोराच्या मनात चांदणं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आली. लांब बाह्यांचा कुर्ता, मनगटापर्यंत. उकडतंय इतकं की मी पंखा पाचवर ठेवते, आणि ही कॉलर बंद करून.

आल्या आल्या दार लावून घेतलं आणि तिथेच उभी राहून म्हणाली, "तू तेका कित्याक सांगितलंस?"

मी म्हटलं, "का, चोरून करत होतीस म्हणून? मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

ती आत आली. खुर्चीवर बसली. मला राग होता, मी साचे बेसिनपाशी नेले. मग दोघींनी मिळून साचे धुतले. बेसिनपाशी तिने डावी बाही वर केली आणि लगेच खाली ओढली. पण मी पाहिलं. कोपराच्या खाली, लाल-तपकिरी, फोड आलेला.

"काय झालं?"

"लाय उडलं."

लाय म्हणजे सोड्याचं पाणी. मला आधी वाटलं ते असं: सापडली. घरी सोडा विरघळवते, म्हणजे घरी घाणा घालते. हे इथे लिहिताना लाज वाटतेय, पण तेच वाटलं.

ती गेल्यावर बरणी काढून वजन केलं. शेवटच्या वेळेस लिहून ठेवलं होतं त्यापेक्षा दोन ग्रॅम जास्तच, हवेतली ओल ओढून घेतो सोडा. माझ्याकडचा घेतलेला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल तिची जखम एक क्षणच पाहिली, पण डोळ्यांपुढून जात नाही.

सोडा उडाला की थेंब-थेंब उडतो. आधी बोटं बुळबुळीत लागतात, दुखत नाही, म्हणून पोरं धुवायला उशीर करतात. मग कातडी पांढरट, भिजल्यासारखी होते. ठिपके असतात, ओघळ असतो. लॅबमध्ये दर वर्षी एखादा तरी.

नंदाच्या हातावर ओघळ नव्हता. सरळ कड होती. एका बाजूला टोक. इस्त्रीचं असतं तसं.

इस्त्री स्वतःचीच लागली असेल. मग तसं सांगायला काय हरकत होती? इस्त्री लागली म्हणायला कोण लाजतं?

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आठ दिवसांपूर्वी ती तुझे साचे चोरत होती. आता हे. तुला गवळीचं आठवतं ना?"

आठवतं. लॅबमधली थर्मामीटर नाहीशी झाली तेव्हा शिपाई गवळीवर मी संशय घेतला, बोलून दाखवला, त्याची बदली झाली. महिन्याने थर्मामीटर सरांच्याच कपाटात सापडली. मी त्याची माफी मागायला गेले नाही.

म्हणून आता गप्प बसायचं का, हे कळत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

बुद्ध विहारातून येताना बी विंगच्या मागून आले, पुढे फरशीचं काम चालू आहे. मागे पाचोळ्याच्या ढिगात निळं काहीतरी दिसलं. माझा साचा. कात्रीने मधोमध कापलेला. काठीने ढीग उकरला. चार साचे मिळाले, चारही कापलेले. साबणाचे तुकडे, वरून पडून फुटलेले, मुंग्यांनीही तोंड न लावलेले.

वॉचमनला विचारलं. म्हणाला, "ऊपर से आया मॅडम, तीसरे माले से. पिछले शनिवार. मैं बोलने वाला था, फिर सोचा घर का मामला है."

पिछला शनिवार म्हणजे सात तारीख. त्याच दिवशी सकाळी गेटवर मी तुषारला हसत हसत विचारलं होतं.

साचे धुऊन घरी आणले. ह्यांना दाखवले. हे बराच वेळ एक साचा हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "पोरगं चिडलं असेल. चिडला म्हणजे लगेच तसं नसतं." पण पेपर उघडला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कापलेले साचे टेबलावर ठेवले होते. नंदाने पाहिले आणि पहिल्यांदा काय केलं तर दाराची कडी लावली आहे का ते बघितलं.

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"तुका कसा म्हायत असणार."

मग तुकड्या-तुकड्यांनी बोलली. तुषारला तिचं साबण करणं आवडत नाही. मागच्या दिवाळीनंतर त्याने बंद करायला सांगितलं होतं. माझी आई दारोदार साबण विकते असं ऑफिसात कळलं तर, असं म्हणाला. हिने हो म्हटलं आणि तो पवईला जातो ते दोन दिवस माझ्याकडे येत राहिली. मंगळवार आणि गुरुवार. तिचं बँकेचं कार्डही त्याच्याकडेच असतं, फोन तो रोज बघतो. मीनाबेनला सँपल तिनेच दिलं होतं, मला न सांगता. "माझ्या हातात कायतरी असूदे, असा वाटला गो. तुझ्यापासून लपवलंय ता चुकला."

मी विचारलं, "आणि हात?"

"सोडा."

"नंदा, सोडा माझ्या कपाटात आहे. कुलपात."

"हार्डवेअरवाल्याकडून आणलेला."

"केवढ्याचा पुडा? कसल्या भांड्यात विरघळवलास?"

तिने बाही मनगटापर्यंत ओढली. मग म्हणाली, "तो वाईट नाय. बाप गेला तेव्हा चौदा वर्षांचो होतो. कामाचो ताप असता. मागाहून रडता."

मागाहून रडता. एवढंच. त्याच्या आधी काय, ते नाही म्हणाली.

मी म्हटलं, कुणाशी तरी बोलू. ते हेल्पलाइनचे नंबर असतात. तिने माझा हात धरला, जोरात. "तू कोणाक सांगितलंस तर मी हय येवचंय नाय. मग माका काय उरला?"

काही सांगितलं तर हे दोन दिवसही जाणार. नाही सांगितलं तर—

घाणा घातला. हा स्टॉलपर्यंत वाळणार नाही, एप्रिलसाठी. दहा साचे भरले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एकदम हसतमुख. येताना घरून मोदकाचा साचा घेऊन आली, यात भरू म्हणाली, गणपतीला छान विकला जाईल. अ‍ॅल्युमिनियमचा, सोड्याला तो चालतच नाही. मी नको म्हणेपर्यंत तिने दोन चमचे ओतलेही. लगेच बुडबुडे, साचा काळा. तिला हसू आवरेना. किती महिन्यांनी तिला असं हसताना पाहिलं. मीही हसले, आणि हसताना तिच्या बाह्यांकडे बघत होते.

मग म्हणाली, "माका सोड्याचा शिकव. किती, कसो, सगळा."

इतकी वर्षं शिकायचं नव्हतं. आता का?

नाही शिकवलं. मनात काय आलं ते लिहीत नाही. बरणीच्या कुलपाची किल्ली आता माझ्या पर्समध्ये.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तुषार आला. संत्री घेऊन. ह्यांच्या फोनमधले फोटो जात नव्हते, ते करून दिलं. चहा घेतला, कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवला. मी त्याच्या हातांकडे बघत होते. स्वच्छ, नखं कापलेली. काय बघत होते कोण जाणे.

निघताना म्हणाला, "काकू, तो सोडा डेंजरस असतो ना? आईने हात भाजून घेतला परवा. तुम्ही लक्ष ठेवत जा. म्हणजे, तुमच्याकडे येते तेव्हा."

म्हणजे त्याला मंगळवार-गुरुवार माहीत आहे.

आणि हात सोड्याने भाजला हे तिचंच वाक्य, त्याच्या तोंडून. दोघांनी मिळून ठरवलंय की त्याने तिला सांगायला लावलंय?

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो रे, ठेवते."

हो म्हटलं मी.

तो गेल्यावर हे म्हणाले, "बघ, किती काळजी." मग माझ्याकडे बघून, "असू दे. मला माहीत नाही."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नंदा आली ती खोबरेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेऊन. डब्याचं वरचं तोंड कापलेलं, आत टॉवेल, टॉवेलात प्लॅस्टिकची फाईल.

"तुझ्या तेलांमागे ठेव. सामान म्हणून."

उघडून दाखवली. घराचे कागद, घर तिच्या नावावर आहे. पासबुक. एका चिठ्ठीवर मालवणच्या बहिणीचा नंबर, पेन्सिलने. तुषार तिला बक्षीसपत्रावर सही कर म्हणतोय, घर त्याच्या नावावर. गेल्या महिन्यापासून. आधी गोडीत, मग तसं. तिला नाही म्हणता येत नाही आणि सही करवत नाही.

"तू सही करू नकोस," मी म्हटलं.

"म्हणून तर फायल हय आणलंय. कागद नाय तर सही खंयची."

तिला कपाटातून हातमोजे काढून दिले आणि सोडा कसा विरघळवायचा ते दाखवलं. आधी पाणी, मग त्यात सोडा, कधीही उलट नाही. ती दूर उभी राहून, गॉगल लावून, शाळेतल्या मुलीसारखी. माझ्या डोक्यात परवा जे आलं होतं त्याची शिक्षा म्हणून शिकवलं की काय, ठाऊक नाही. बाराऐवजी अकराच साचे भरले, मिश्रण कमी पडलं. मोजण्यात काहीतरी चुकलं. माझंच.

चार वाजता गेली. दारात म्हणाली, "गुरवारी काढूया हे." वड्यांबद्दल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आली नाही. साडेअकरा, बारा, एक. फोन बंद.

बी विंगला तिच्याकडे गेले. कुलूप. शेजारच्या सावंतबाई म्हणाल्या, सकाळी नऊच्या सुमारास बाहेर जाताना पाहिली. हातात? छोटी पिशवी, बाजाराची असते तशी. तुषार तिच्या आधीच ऑफिसला गेला होता म्हणे.

संध्याकाळी सहाला तुषार पार्किंगमध्ये दिसला. विचारलं. लगेच उत्तर: "आई गावी गेली काकू. शिमग्याला. मावशीकडे." कोकणातली माणसं शिमग्याला जातातच, त्यात नवल काही नाही. पण परवा 'गुरवारी काढूया' म्हणाली ना.

सकाळी गेली, आणि त्याला आधीपासून माहीत होतं, तर फोन का बंद?

अकरा वड्या साच्यातच आहेत. हात लावला नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. बाई होती, आवाज नंदासारखाच, थोडा जाड. मी सांगितलं, मी मुलुंडहून उज्ज्वला, नंदाची मैत्रीण, आम्ही दोघी साबण करतो.

"तुमका नंबर कोणी दिल्यान?"

"नंदानेच. ती तिकडे पोचली का?"

"नंदा? ती हय येवक नाय."

"येणार आहे का?"

"माका ठावक नाय." आणि ठेवला.

तुषार म्हणतो मावशीकडे. मावशी म्हणते आली नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. किंवा दोघंही. किंवा नंदा दोन्हीकडे नाही.

ह्यांना म्हटलं, पोलिसात जाऊ. हे म्हणाले, "आपण कोण जाणार? मुलगा आहे तिचा. उद्या परत आली तर तोंड काय दाखवणार?" मी म्हटलं, परत आली तर मी तोंड दाखवीन, चालेल मला. हे उठून गॅलरीत गेले, सोडा विरघळवते तिथे, आणि तिथेच उभे राहिले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहाला बेल. तुषार. दाढी वाढलेली. आज संत्री नाहीत.

"काकू, आईने तुमच्याकडे एक फाईल ठेवलीये का? घराची. सोसायटीला झेरॉक्स द्यायची आहे."

फाईल त्याच्यापासून चार हातांवर, स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्यात. मी दार धरून उभी. तो माझ्याकडे बघत होता आणि माझ्या मागे, आत.

हे खुर्चीवरून उठले. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "नाही बाबा. आमच्याकडे तिचे साबण आहेत फक्त. फाईल कसली?"

"नक्की, काका?"

"अरे, मी तुला खोटं कशाला सांगू? आईलाच विचार ना फोन करून. गावीच आहे ना?"

तुषारने नजर वळवली. मग, "रेंज नसते तिकडे." मग, "मी आत येऊन बघू का, चुकून सामानात आली असेल."

हे म्हणाले, "आत्ता नको. जेवणाचं चाललंय." दहा वाजता.

गेला. जिन्यावरून पावलं खाली जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे. मग ह्यांनी कडी लावली, वरची पण, जी आम्ही कधी लावत नाही.

म्हणाले, "गावाचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा बघितलास? त्याला माहीत नाहीये ती कुठे आहे."

मला तसंच वाटलं होतं. पण नंतर असंही वाटलं, की ती कुठे आहे हे माहीत असलेला माणूसही तसाच चेहरा करेल.

छत्तीस वर्षांत ह्यांना खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. चांगलं जमलं.

१ मार्च, रविवार

चौकीत गेलो, दोघं. एक बाई होत्या ड्युटीवर, तरुण. शांतपणे ऐकून घेतलं, सगळं लिहून घेतलं, साचे, हात, फाईल, मालवणचा फोन. मी कापलेला एक साचा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

नातं काय सांगायचं. म्हटलं, "आम्ही साबण करतो एकत्र."

त्यांनी तसंच लिहिलं. म्हणाल्या, मुलाला बोलवून विचारतो, मालवणला पण फोन करतो. भाजल्याची खूण तुम्ही किती वेळ पाहिली? म्हटलं, एक क्षण. "एक क्षण," त्यांनी लिहिलं. लिहिताना ते फारच कमी वाटलं.

परत येताना हे म्हणाले, "गवळीच्या वेळेस मी तुला काही बोललो नव्हतो. आत्ता बोलतो. जे पाहिलंस ते पाहिलंस."

तरी डोक्यात चालूच आहे. इस्त्री स्वतःची लागली असेल. साचे रागाच्या भरात फेकले असतील. कागद खरंच सोसायटीला हवे असतील. एकेक घेतलं तर प्रत्येकाला उत्तर आहे.

३ मार्च, मंगळवार

आज होळी. खाली लाकडं रचलीत. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर पडदे ओढलेले. पोलीस काल येऊन गेले असं वॉचमन म्हणाला, तुषार त्यांच्याशी खाली उभ्या उभ्या बोलला, हात जोडून निरोप दिला.

अकरा वाजता सवयीने दाराकडे बघितलं. मग एकटीने साच्यांतून वड्या काढल्या. एक फुटली.

दुपारी तीनला फोन. मालवणचा नंबर. बहीण.

"पोलिसांक तुमी सांगितलात?"

"हो."

मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज. मग म्हणाली, "ह्या नंबरावर परत फोन करू नकात. आणि ती फायल तुमच्याकडेच ठेवा. कोणाक देव नकात. कोणाक म्हणजे कोणाकच." ठेवला.

परत लावला. बंद.

मी तिला फाईलबद्दल काहीही बोलले नव्हते. शुक्रवारचा फोन पुन्हा पुन्हा आठवून पाहिला, शब्द न् शब्द. नाही बोलले.

म्हणजे तिला कुणीतरी सांगितलं. नंदा तिथे आहे, आणि तिनेच सांगितलं. शुक्रवारी मला ओळखत नव्हती म्हणून बाई खोटं बोलली. असं असेल तर सगळं ठीक आहे, निदान आजच्यापुरतं.

किंवा तुषारने मावशीला फोन करून फाईल मागितली, म्हणून तिला कळलं. किंवा पोलिसांच्या बोलण्यातून. मग नंदा कुठे आहे हे तिलाही आमच्याइतकंच ठाऊक.

ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "भांडं कसं वाजलं?" मी म्हटलं, भांड्यासारखं.

चौकीतल्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघतो.

संध्याकाळी खाली सगळे जमले तेव्हा तुषारही उभा होता, नारळ हातात घेऊन. त्याने मला लांबून नमस्कार केला. मी केला.

वर आले आणि फाईल तेलाच्या डब्यातून काढून दुसरीकडे ठेवली. कुठे, ते इथेही लिहीत नाही.